वाचकांचे प्रश्न : चांदीचा आरसा

प्रश्न : 925 चांदीचं सपाट, रुंद कडं हाताने घडवलं. कानस मारली, 400 नंबरचा पेपर फिरवला आणि मोटरवर लाल लस्टरने अर्धा तास बफ केलं. लांबून झगमगतं, पण ट्यूबलाइटखाली धरलं की बारीक रेघा दिसतात. कडाही गोल झाल्या आहेत. कुठे चुकलं? (पुणे)

उत्तर : बफला, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकाला, हात लावायच्या आधीच चुकलं. लाल लस्टर म्हणजे आयर्न ऑक्साइडची अतिबारीक भुकटी मेण-चरबीत घोटून केलेली वडी. शेवटची झिलई देणं एवढंच तिचं काम. 400 च्या पेपरने पाडलेले चर ती खोडू शकत नाही. चरांचे काठ तेवढे गुळगुळीत होतात, आणि भोवतालचा भाग चकाकल्यामुळे रेघ आधीपेक्षा जास्त उठून दिसते. त्या नादात अर्धा तास बफ चालला, म्हणून कडा गेल्या.

मागे जा आणि 400 पासून पुन्हा सुरू करा. 400, 600, 800, 1200, 2000 या क्रमाने पाण्यात भिजवून वापरायचे पॉलिश पेपर घ्या. एकही नंबर गाळू नका. सपाट कामाला पेपर बोटाने घासू नका. लाकडी पट्टीला ताणून गुंडाळा. बोट मऊ असल्यामुळे मधे खळगा पडतो आणि कडा झिजतात. प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदला. 400 आडवा मारला असेल तर 600 उभा. आडवी एकही रेघ दिसेनाशी झाली की मगच 600 चं काम संपलं, आणि त्यानंतरही थोडा वेळ घासत राहा, कारण सगळ्यात खोल चर डोळ्याला शेवटी दिसतात. गोल गोल घासलं तर कुठली रेघ कुठल्या नंबरची हे कधीच कळत नाही.

दोन नंबरांच्या मधे दागिना, पट्टी आणि हात धुवा. 400 चा एक कण 1200 वर आला की पुन्हा पहिल्यापासून. धुतलेलं पाणी मात्र बादलीत साठू द्या, तळाशी चांदी बसते. पेढ्यांबाहेरच्या गटाराची माती झारेकरी (मातीतून सोनं-चांदी वेचणारे) उगाच धुवत नाहीत.

2000 पर्यंत नीट पोचलात तर बफवर दर टप्प्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. आधी शिवलेल्या सुती बफवर ट्रिपोली. हे लस्टर तपकिरी, थोडं कापणारं असतं. मग गरम पाणी, भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब आणि मऊ टूथब्रश घेऊन कोपऱ्यातला सगळा मळ काढा. त्यानंतर सुट्या मलमलच्या बफवर लाल लस्टर. ट्रिपोलीचा बफ वेगळा, लालचा वेगळा. दोन्ही एका डब्यातसुद्धा ठेवू नयेत. 3 इंची बफला मिनिटाला 2800 फेरे ठीक. दागिन्यावर काळा चिकट थर येत असेल तर लस्टर जास्त झालं आहे. फिरत्या बफला वडी क्षणभर टेकवली की पुरते.

तुमच्या कड्यासारख्या सपाट कामाला मात्र आम्ही मोटर सुचवणार नाही. लाकडी पट्टीवर चामडं चिकटवा, त्यावर लस्टर घासा आणि हाताने ओढा. वेळ लागतो, पण कडा चाकूसारखी राहते. मऊ बफ कडेवरून वळून खाली उतरतो, भोकं लांबट करतो, कोरीव काम पुसट करतो.

तपासायचं कसं? छापील कागद कड्यासमोर धरा. अक्षरं उलटी, पण वाचता येतील इतकी स्पष्ट दिसली की आरसा झाला. अक्षरं स्पष्ट आहेत पण लाटांसारखी हलतात, तर रेघा गेल्या आणि सपाटी बिघडली. म्हणजे पुन्हा पट्टी आणि पेपर.

शेवटच्या धुण्यात पितळी ब्रश नको. रिठ्याचं पाणी आणि पितळी ब्रश ही जोडी पांढऱ्या, मंद झळाळीसाठी उत्तम आहे. आरशावर तीच बारीक ओरखडे काढते.

प्रश्न : पॉलिश झाल्यावर अंगठीवर करडे-जांभळट डाग दिसतात. बफ केलं की डागांची कड आणखी ठळक होते. चांदीत भेसळ असेल का? (नाशिक)

उत्तर : भेसळीचा संशय सोडा. 925 मध्ये हजार भागांत 925 भाग चांदी असते, उरलेलं सहसा तांबं. झाळताना (सांधा वितळत्या धातूने जोडताना) किंवा नरम करताना ज्योतीच्या उष्णतेत हवेतला ऑक्सिजन चांदीच्या कातडीतून आत शिरतो आणि तिथल्या तांब्याचं ऑक्साइड होतं. डाग पृष्ठभागावर नसून पृष्ठभागाखाली असतो, म्हणून तेजाबात बुडवून निघत नाही. तेजाब वरची काळी खपली काढतं, आतला थर तसाच राहतो. पुढे बफ वरची चांदी झिजवतो आणि तो उघडा पडतो.

उपाय दोन. पहिला, 400-600 च्या पेपरने तो थर पूर्ण काढणं. पांढऱ्या कागदाच्या प्रतिबिंबात सबंध पृष्ठभाग एका रंगाचा दिसेपर्यंत थांबू नका. पत्रा पातळ असेल तर दुसरा : दागिना काळसर होईपर्यंत तापवा (लाल नको), तेजाबात टाका, पितळी ब्रशने घासा, असं पाच-सहा वेळा. वरचं तांबं दर वेळी निघून जातं आणि शुद्ध चांदीची पांढरी साय वर येते. पण ही साय फार पातळ असते. त्यावर ट्रिपोली लावलीत तर डाग परत हजर. अशा दागिन्याला फक्त लाल लस्टर, तेही हलक्या हाताने.

पुढच्या वेळी डाग पडूच देऊ नका. बोरिक पावडर स्पिरिटमध्ये विरघळेल तेवढी विरघळवा, दागिना त्यात बुडवून बाहेर काढा, बाटलीला झाकण लावून ती दूर ठेवा आणि मगच दागिन्यावरचं स्पिरिट पेटवून जाळा. पांढरा लेप उरतो, तो हवा अडवतो. सांध्याला झाळ वाहती करणारा टाकणखार नेहमीप्रमाणे लावायचाच. ज्योत मोठी आणि मऊ ठेवा, झटपट तापवा. बारीक ज्योतीने दहा मिनिटं शेकत बसणं हे या डागाचं सगळ्यात मोठं कारण.

तेजाबाऐवजी घरी लिटरभर गरम पाण्यात 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड चालतं. वेळ जास्त लागतो. लोखंडी चिमटा त्यात बुडवू नका, चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो. गंधकाचं तेजाबच वापरणार असाल तर एक भाग तेजाब नऊ भाग पाण्यात सावकाश ओता. तेजाबावर पाणी कधीही ओतू नये.

प्रश्न : सांध्याजवळ धूमकेतूसारखी शेपटी येते. (कोल्हापूर)

उत्तर : झाळीत टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं आहे. त्यात लस्टर अडकतं आणि बफच्या दिशेने ओढलं जातं. एकाच दिशेने घासत राहिलात तर शेपटी लांबत जाते, म्हणून दागिना सारखा फिरवत राहा. भोक मात्र बफने बुजत नाही. नीट धुवून तिथे पुन्हा झाळ भरा, कानस मारा, पेपरपासून सुरुवात करा.

प्रश्न : पैंजण आणि साखळ्या मोटरवर चमकवाव्यात का? (हुपरी)

उत्तर : सुट्या हाताने अजिबात नाही. कडी बफमध्ये अडकली की साखळी गुंडाळली जाते आणि सोबत बोट. पाटीवर घट्ट गुंडाळून बफ करणारे आहेत, पण टंबलर (फिरता बंद डबा) चांगला. किलोभर स्टेनलेस स्टीलचे मिश्र आकाराचे छर्रे, 100 ते 150 ग्रॅम माल, छर्रे जेमतेम बुडतील एवढं पाणी, साबणाचे काही थेंब. एक ते दोन तास. छर्रे धातू कापत नाहीत, ठोकून दाबतात. म्हणून घट जवळजवळ नाही, कड्या थोड्या कडक होतात, पण आधीचे ओरखडेही तसेच राहतात, नुसते चकचकीत होऊन. पाणी काळं पडलं तर थांबवून बदला, नाहीतर तोच मळ साखळीवर बसतो. मोती, पोवळं, फिरोजा जडवलेलं काही आत टाकू नका.

प्रश्न : घरी रांगोळी किंवा टूथपेस्टने घासलं तर चालेल? (ठाणे)

उत्तर : समईला, ताम्हणाला चालून जातं. आरशासारख्या दागिन्यावर रांगोळीचे खडबडीत कण सरळ चर पाडतात. टूथपेस्टमध्येही घासणारी पूड असते. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे, आणि तो थर न घासताही जातो. भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर दागिना फॉइलला टेकेल असा ठेवा, एक मोठा चमचा खायचा सोडा घाला आणि अर्धा लिटर उकळतं पाणी ओता. गंधक ॲल्युमिनियमकडे जातो, चांदी जागेवर राहते. सडक्या अंड्याचा वास आला तर काम चालू आहे. दोन-तीन मिनिटांनी काढून धुवा, मऊ सुती कापडाने टिपा. ऑक्सिडाइज्ड दागिन्याला हे करू नका, मुद्दाम दिलेला काळा रंगही निघून जाईल. मोत्याची नथ तर गरम पाण्यापासून लांबच ठेवा. ओलसर कापडाने पुसून, वाळवून, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवली की पुरे.