डिले आधी की रिव्हर्ब? मालवणात ऑर्केस्ट्रात मल्टी-इफेक्टवर (अनेक इफेक्ट एकाच पेटीत) गिटार वाजवतो, सोलो गढूळ ऐकू येतो

डिले (सुराचे पडसाद) आधी, रिव्हर्ब (जागेची घुम) नंतर, आणि दोन्ही अँप-कॅब ब्लॉकच्या (अँप आणि स्पीकरची नक्कल करणाऱ्या भागाच्या) नंतर. डिस्टॉर्शनच्या (आवाज फाडणाऱ्या इफेक्टच्या) आधी डिले असेल तर पडसादही डिस्टॉर्ट होतात, मूळ सुराइतकेच मोठे होतात आणि एकमेकांत घुसतात. गढूळपणा बहुधा तिथूनच येतोय.

क्रम बरोबर असूनही सोलो बुडत असेल तर साखळी दोन वाटांत फोडा. एका वाटेवर डिले, मिक्स (आवाजात इफेक्टचा वाटा) २५ टक्के. दुसरीवर फक्त रिव्हर्ब, मिक्स पूर्ण १०० टक्के. रिव्हर्ब किती हवा ते दोन्ही वाटा जिथे मिळतात त्या शेवटच्या मिक्सर ब्लॉकवर ठरवा. आता पडसादांना रिव्हर्बचा लेप लागत नाही. रिव्हर्बचा मिक्स १०० करायला विसरलात तर कोरडा (इफेक्टशिवायचा) आवाज दोन्हीकडून येतो आणि नुसता व्हॉल्यूम वाढतो.

डिलेचा वेळ म्हणजे ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला ठोके). १२० ला ५०० मिलिसेकंद, डॉटेड एट्थला (पाऊण ठोका) ३७५. फीडबॅक (पडसाद किती परतत राहतात) २५ टक्के, लो कट (याखालचा खर्ज कापतो) १५० हर्ट्झ, हाय कट (यावरचा तीव्र आवाज कापतो) ४ किलोहर्ट्झ. रिव्हर्बला प्री-डिले (घुम सुरू होण्याआधीची उसंत) ३० मिलिसेकंद, डिके (घुम विरायचा वेळ) दीड सेकंद पुरे.

हे आकडे उघड्या मैदानासाठी. देवळाच्या सभामंडपात, लादी आणि पत्र्याखाली, रिव्हर्ब जवळजवळ बंदच ठेवा. ती जागा स्वतःच घुमते. घरी हेडफोनवर गोड लागलेला पॅच (साठवलेली सेटिंग) तिथे हमखास फसतो.

पिंगपाँग डिले (पडसाद आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे) टाळा. साउंडवाल्याने दोनपैकी एकच चॅनेल उघडला की निम्मे पडसाद गेलेच.