दरबार हॉलचा तक्ता: नावांत अडकू नका, प्रसंग तपासा

ताई, "राष्ट्रपती भवनातल्या एकाच दालनाची तीन नावं सापडतात, पोरांच्या तक्त्यावर खरं कोणतं लिहू?" हा तुमचा प्रश्न वाचला अन् आमच्या शाळेची भिंत डोळ्यांसमोर आली.

तिन्ही खरी आहेत. व्हाइसरॉयच्या काळात ती थ्रोन रूम, मग दरबार हॉल, आणि जुलै २०२४ पासून गणतंत्र मंडप. तिन्ही क्रमाने लिहा, झालं.

खरा घोळ प्रसंगांचा होतो. आम्ही लोकवर्गणीतून भिंत रंगवली. मी ऑइल पेंटने लिहून घेतलं की १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री नेहरूंचं भाषण याच दालनात झालं. साफ चूक. ती मध्यरात्रीची बैठक जुन्या संसद भवनात भरली होती, ज्याला आपण सेंट्रल हॉल म्हणतो तिथे. दरबार हॉलमधला नेहरूंच्या सरकारचा शपथविधी १५ ऑगस्टच्या सकाळचा. २६ जानेवारी १९५० ला राजेंद्रबाबूंनीही तिथेच शपथ घेतली. पण पुढच्या राष्ट्रपतींच्या शपथा सेंट्रल हॉलमध्ये झाल्या, २००७ साली आपल्या अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभाताईंचीसुद्धा. टीव्हीवर ते पाहिलेलं असतं, म्हणून दोन्ही जागा डोक्यात एक होतात.

आता माझं दुखणं सांगतो. रंगवायच्या आधी मजकूर तपासून घ्यावा म्हणून जिल्ह्याच्या एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. कापूस वेचणीचे दिवस, वावरात मजूर लावून एसटीने जायचो. एकदा साहेब दौऱ्यावर. एकदा म्हणाले, अर्ज वरून पाठवा. तिसऱ्यांदा न वाचताच शिक्का मारून दिला, 'पाहिले'. मी त्याचा अर्थ 'तपासले' असा घेतला. सगळ्यात महाग पडलं ते हेच. झेंडावंदनाच्या दिवशी गावातल्या निवृत्त गुरुजींनी मला बाजूला घेऊन हळूच चूक सांगितली. रात्री मी पत्र्याच्या तुकड्याने ती ओळ खरवडली. पिवळ्या भिंतीवर तो पांढरा पट्टा अजून आहे, तिरप्या उन्हात 'मध्यरात्री' हा शब्द आजही वाचता येतो.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, सगळीच कार्यालयं अशी असतात असंही म्हणत नाही. पण माझं मत विचाराल तर शिक्क्यासाठी थांबूच नका. राष्ट्रपती भवनाचं स्वतःचं संकेतस्थळ वाचा, प्रत्येक तारखेला दुसरा आधार शोधा.

अजून एक, छतावरच्या इराणी चित्राचा फोटो दरबार हॉल म्हणून चिकटवू नका. ते अशोक हॉलचं, म्हणजे आताच्या अशोक मंडपाचं. तो पूर्वी नाचाचा हॉल होता. दरबार हॉलची खूण म्हणजे राष्ट्रपतींच्या खुर्चीमागची गुप्तकाळातली बुद्धमूर्ती. व्हाइसरॉय अन् त्यांच्या पत्नीची दोन सिंहासनं जिथे असायची, त्याच दालनात आज ती उभी आहे. पोरांना हे आवर्जून सांगा, माझ्या वर्गात या वाक्याला सगळे गप्प झाले होते.

तिथलं झुंबर २ टनांचं, ३३ मीटर उंचीवर टांगलेलं. आकडा पोरांना कळत नाही. आम्ही विहिरीचा ५० फुटी दोर मैदानात दोनदा अंथरला, तरी ८ फूट कमी पडले.

आणि ताई, आधी खडूने लिहा. महिनाभर राहू द्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचू द्या. रंगाचा डबा मग उघडा.