मामाकडं राहायला जाणाऱ्या मुलाचं ऐकणार कोण?

"मुलाला परदेशात नातेवाईकांकडं ठेवतोय, तो आम्हाला परका होईल का?" दहावीचे निकाल लागले की हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडं समुपदेशनाला येतातच. परकेपणाची भीती मी समजू शकते. मला मात्र आधी एवढंच विचारावंसं वाटतं, की तिथं काही खटकलं तर पोरानं सांगायचं कुणाला, हे ठरलंय का?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलगा 15 वर्षांचा. आईचा सख्खा भाऊ टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला. अकरावी-बारावी तिकडं, पुढचं शिक्षणही तिकडंच, असा बेत. मुलगा खूश होता, गल्लीभर सांगून झालं होतं. पण जून लागला तशी त्याची झोप उडाली. आईवर चिडचिड सुरू झाली. बॅगेचा विषय निघाला की उठून रंकाळ्यावर जाऊन बसायचा. आईला वाटलं, हा आत्तापासूनच तुटायला लागला.

पहिल्या भेटीत तो फारसं बोलला नाही. दुसऱ्या भेटीत एकदम म्हणाला, "मॅडम, मामाच्या घरात फ्रीज विचारून उघडायचा असतोय, का तसाच?"

या एका प्रश्नात सगळं आलं. सुट्टीत मामाकडं गेलं की चार दिवस लाड होतात. इथं वर्षानुवर्षं राहायचं होतं आणि तिथं आपण पाहुणे की घरचे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग हळूहळू पुढचं बोलला. "मामी रागावली म्हणून आईला सांगितलं तर आई मामाशी भांडणार. बाबांना सांगितलं तर ते आईला माहेरावरनं बोलणार. त्यापेक्षा मी कुणाला कायच सांगणार नाही." त्यात वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं, आणि ते रोज जेवताना निघायचं. "तुझ्यासाठी एवढं करतोय" हे वाक्य मायेपोटीच येतं. पण ते ऐकलेलं पोर "मला जमत नाही" असं कधीच म्हणू शकत नाही. पालकांनो, हे वाक्य खरंच टाळा.

कॅनडात 17 वर्षांखालचं मूल आईवडिलांशिवाय शिकायला जाणार असेल तर तिथली नागरिक किंवा पीआर (कायम राहायचा परवाना) असलेली प्रौढ व्यक्ती त्याची कस्टोडियन, म्हणजे तिथली पालक, व्हावी लागते. दोन्हीकडच्या सह्या नोटरीपुढं होतात. या घरात त्या झाल्याही होत्या, पण 'व्हिसाचा एक कागद' म्हणून. मुलगा आजारी पडला, शाळेनं बोलावलं, तर धावायची जबाबदारी त्या कागदानं मामावर येते, याची चर्चाच झाली नव्हती.

मग मी मामा-मामींनाही व्हिडिओ कॉलवर घेतलं. मामी बराच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी नाही म्हणणारच नव्हते. पण बहीणभावानं ठरवलं, मला कुणी विचारलंच नाही." आईनं तिथल्या तिथं माफी मागितली. पुढचं तासाभरात ठरलं. महिन्याचा खर्च वडील पाठवणार, मामानं कितीही नको म्हटलं तरी. ओंटारिओची सरकारी आरोग्य योजना परदेशी विद्यार्थ्यांना सहसा लागू नसते, म्हणून आरोग्य विम्याची चौकशी वडील करणार. अभ्यासावरनं मामा बोलेल, घरातल्या शिस्तीचं मामी सांगतील, आणि इथनं फोनवर त्यांच्या शब्दावर शब्द चढवायचा नाही. फ्रीज न विचारता उघडायचा, हे मामींनी स्वतः सांगितलं.

तक्रार ऐकायला घरातलं तिसरंच माणूस निवडलं, पुण्यातला चुलतभाऊ. त्याला सांगितलेलं लगेच भांडणात जाणार नाही, असा शब्द सगळ्यांनी दिला. शिवाय 'किड्स हेल्प फोन' या हेल्पलाइनचा नंबर, 1-800-668-6868, मुलाच्या मोबाइलमध्ये घातला. कॅनडातल्या मुलांसाठी तो चोवीस तास आणि फुकट आहे.

ऑगस्टअखेर तो गेला. पहिले दोन महिने मजेत गेले. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागं जातात, आपल्याशी फरक साडेनऊचा साडेदहा तास होतो, डिसेंबरात तर पाचच्या आत अंधार पडतो. मुलं याच दिवसांत रडतात, हे मी आईवडिलांना आधीच सांगून ठेवलं होतं. रडका फोन आला की लगेच तिकीट काढू नका आणि "सहन कर" असंही म्हणू नका, ऐकून घ्या. जेवण-झोप तुटली, शाळा बुडायला लागली, किंवा पोर नेहमी कुणाच्या तरी समोरच बोलायला लागलं, तर मात्र थांबू नका.

डिसेंबरात त्यानं विचारलंच, "परत आलो तर चालेल?" वडील म्हणाले, "चालेल. जानेवारीअखेर सेमिस्टर संपू दे, मग तू सांग. कर्जाचं मी बघतो."

सेमिस्टर संपलं आणि तो राहिला. त्यानंतर त्यानं विषय काढलेला नाही. आईला मी सांगितलंय, आपणहून काढू नका, पण त्यानं काढला तर उत्तर तेच द्यायचं.