चॅनेलवाल्यांना बोलवू का, मॅडम?

"बातमी आली नाही तर केस दाबतील. आणि आली तर पोरीचं कसं व्हायचं?"

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार दिलेल्या आईबापांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्याबद्दल एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. त्यासाठी एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तालुक्याचं गाव, तेरा वर्षांची मुलगी. शिकवणीच्या सरांवर गुन्हा दाखल झालेला. सरांच्या घरचे वजनदार, त्यामुळे प्रकरण मिटवायचे निरोप येत होते. आई, वडील आणि समाजाच्या मंडळात उठबस असलेले काका, असे सगळे मुलीला घेऊन माझ्याकडे आले. काकांनी मोर्चाचा बॅनर छापायला टाकला होता, मुलीच्या फोटोसकट. वडिलांनी एका यूट्यूब चॅनेलला मुलाखतही देऊन टाकली होती.

"का दिलीत?" मी विचारलं.

"पोलीस ठाण्यात गेलं की 'तपास चालू आहे, या नंतर'. हा माणूस तासभर बसला आमच्याकडं. सगळं ऐकून घेतलं त्यानं."

मला या उत्तराने वाट दाखवली. माझा अनुभव असा, की बहुतेक कुटुंबं प्रसिद्धीसाठी कॅमेऱ्यासमोर जात नाहीत. ज्यांनी ऐकायला हवं ते ऐकत नाहीत, म्हणून जो ऐकेल त्याच्याकडे जातात. म्हणून 'मीडियापासून लांब राहा' असा कोरडा सल्ला मी देत नाही. आधी ऐकणारं योग्य माणूस मिळवून देते.

कायद्याने ती सोय केलेली आहे, फक्त घरच्यांना कुणी सांगत नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या, गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो. तपास कुठवर आला हे तक्रारदाराला ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. बाल कल्याण समितीकडून मुलासाठी सहाय्यक व्यक्ती मिळते. केसमध्ये काय घडतंय हे घरच्यांना सांगत राहणं हे तिचं कामच आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. या घराला सहाय्यक व्यक्ती मिळाली, तिचे फोन येऊ लागले, आणि वडील पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले.

काका मात्र अडून होते. "मग आवाज उठवायचाच नाही का? गप्प बसलं की न्याय मिळतो?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना आपल्याच विदर्भातलं प्रकरण सांगितलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरलं, १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं, ८ मार्च १९८०ला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरवणारं कलमही त्याच दुरुस्तीत आलं. ते प्रकरण आजही त्या मुलीच्या नावानेच ओळखलं जातं; मी मुद्दाम ते नाव घेत नाही. आवाज उठवण्याची ताकद आणि त्याची किंमत, दोन्ही त्या एका प्रकरणात आहेत.

काका विचारात पडले, पण बॅनर काही रद्द झाला नाही.

माझी पद्धत सगळ्या घराला एकत्र बसवण्याची आहे. मुलाशी एकट्याने बोलणं होतंच, पण निर्णय ज्यांनी घ्यायचा त्यांच्यासमोर मुलाचा शब्द पडायला हवा, या मताची मी आहे. तोवर मुलगी घरच्यांसमोर गप्पच असायची. त्या दिवशी वडील मला तो व्हिडिओ दाखवत होते. "बघा मॅडम, तोंड दिसत नाही तिचं. पुसट केलंय."

"मी बघितलाय तो," मुलगी म्हणाली. "मैत्रिणीच्या मोबाईलवर."

कुणी काही बोललं नाही.

"तोंड झाकलंय. पण मागं टेम्पो उभा आहे, पप्पा. त्याच्यावर दादाचं आणि माझं नाव आहे. वाचता येतं."

वडिलांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. काचेवर, वरच्या बाजूला, पिवळ्या रंगात दोन नावं. "ती झाली त्या वर्षी मीच रंगवून घेतलं होतं," एवढंच ते म्हणाले आणि मोबाईल पालथा ठेवला.

मी तिला विचारलं, "तुला काय व्हावंसं वाटतं?"

"सरांना शिक्षा व्हावी. मोर्चा काढा. पण माझ्या नावानं घोषणा नकोत. मला त्याच रस्त्यानं शाळेत जायचंय."

इतक्या मोठ्यांना जे सुटत नव्हतं ते तिने चार वाक्यांत सोडवलं होतं. काकांनी तिथूनच छापखान्यात फोन लावला. मी फक्त तिला बोलायला जागा करून दिली होती, पण ती जागा करणं हेच माझ्या कामाचं सार आहे असं मी मानते.

मोर्चा निघाला. बॅनरवर मागण्या होत्या: आरोपपत्र वेळेत दाखल करा, साक्षीदारांवरचा दबाव थांबवा. पोलीस अधीक्षकांना निवेदन दिलं गेलं. एका दैनिकाने बातमी केली, ती रखडलेल्या तपासाची. गाव, शाळा, नातं, काहीच त्यात नव्हतं, तरी यंत्रणा हलली. पत्रकाराशी बोलायचं असेल तर असंच बोलावं: तारखा द्या, अर्जांच्या प्रती दाखवा, कुणी काय करायला हवं होतं आणि केलं नाही ते सांगा. घराच्या दारात मुलाखत देऊ नका.

आणि ओळख आधीच फुटली असेल तर? पॉक्सोच्या कलम २३ प्रमाणे माध्यमांना मुलाचं नाव, फोटोच नव्हे, तर पत्ता, कुटुंब, शाळा, शेजार, असं ओळख पटवणारं काहीही उघड करता येत नाही. मुलाच्या हितासाठी परवानगी द्यायची तर ती फक्त विशेष न्यायालय देऊ शकतं. आईवडिलांनी हौसेने किंवा रागाने दिलेली संमती तिथे चालत नाही. व्हिडिओ नातेवाइकांना 'बघा काय केलंय' म्हणून पुढे पाठवू नका. लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, पोलिसांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि सरकारी वकिलांमार्फत न्यायालयाच्याही कानावर घाला. या वडिलांनी तसा अर्ज दिला आणि व्हिडिओ निघाला. खटला अजून चालू आहे; मुलीची साक्ष बंद दालनात, आई शेजारी असताना झाली. अडल्यास मुलांसाठी १०९८ आणि कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे क्रमांक लिहून ठेवा.