इव्हानो बालिच क्रोएशियात इतका लोकप्रिय का?

हँडबॉलपटू बालिचच्या लोकप्रियतेचे कारण केवळ पदकांत शोधता येणार नाही, जरी 2003 चे विश्वविजेतेपद आणि 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमधील सुवर्णपदक ही पदकेही लहान नाहीत. स्प्लिटमध्ये 1979 साली जन्मलेला, लहानपणी बास्केटबॉलही खेळलेला हा मध्यरक्षक, म्हणजे मैदानाच्या मध्यातून संघाच्या आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, खांद्यापर्यंत रुळणारे केस सावरत, बचावपटू अंगावर आला असतानाही नजर भलतीकडे ठेवून चेंडू नेमका गोलसमोरील वर्तुळाच्या रेषेवरील सहकाऱ्याच्या हाती देत असे; माझ्या मते प्रेक्षक त्यावरच भाळले. 2003 व 2006 मध्ये तो जगातील सर्वोत्तम हँडबॉलपटू ठरला, तर बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्रोएशियाचा ध्वजवाहक. पाम्प्लोना, झाग्रेब, माद्रिद असा प्रवास करून 2015 मध्ये, जर्मनीतील वेट्झलारकडून खेळत, तो निवृत्त झाला.