निकेल कॉलमनंतरही ७० किलोडाल्टनचा बँड जात नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की ई. कोलाय जीवाणूत बनवलेलं हिस-टॅगचं (निकेलला चिकटणारी हिस्टिडिनची शेपटी जोडलेलं) प्रोटीन निकेल कॉलमवरून काढलं, तरी जेलवर ७० किलोडाल्टनच्या आसपास एक नको असलेला बँड उरतोच, इमिडॅझोल (निकेलवरची पकड सोडवणारं रसायन) वाढवूनही.

या बँडपायी सोलापुरात आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये माझा अख्खा महिना गेला. वॉशमधलं इमिडॅझोल २० मिलीमोलरवरून ४० केलं, मग ६०. शेवटी माझंच प्रोटीन वाहून जायला लागलं, बँड जागचा हलला नाही. तेव्हा उमगलं, तो निकेलला धरून नव्हताच, माझ्या प्रोटीनला धरून होता.

म्हणून आधी एक करा. रिकामा प्लाझमिड (तुमच्या प्रोटीनचं जनुक नसलेला डीएनए) असलेल्या पेशी त्याच कॉलमवरून चालवा. त्यांतही बँड आला, तर तो बहुधा अर्नए (ArnA), निकेलला स्वतःहून चिकटणारं ई. कोलायचंच प्रोटीन, साधारण ७४ किलोडाल्टनचं. मग रेझिन (कॉलममधले निकेल धरलेले मणी) कमी घ्या. जागा अपुरी पडली की टॅगवालं प्रोटीन बाकीच्यांना हुसकावतं. टॅग टीईव्ही या एन्झाइमने कापता येत असेल तर कापून पुन्हा निकेलवर घाला. तुमचं खाली येईल, अर्नए अडकून राहील.

रिकाम्या पेशींत बँड नसेल तर संशय डीएनएकेवर (DnaK), ई. कोलायच्याच एका शॅपरोनवर, म्हणजे इतर प्रोटीनांना घडी घालायला मदत करणाऱ्या प्रोटीनवर. तो नीट घडी न पडलेल्या प्रोटीनला धरून ठेवतो आणि एटीपी मिळालं की पकड सैल करतो. इल्यूशनच्या (कॉलमवरून प्रोटीन उतरवण्याच्या) आधी, प्रोटीन कॉलमवर असतानाच, ५ मिलीमोलर एटीपी आणि १० मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड असलेला बफर घालून १०-१५ मिनिटं थांबा, मग नेहमीचा वॉश द्या. एटीपीचं द्रावण आम्लधर्मी असतं, पीएच ७ वर आणल्याशिवाय वापरू नका. ईडीटीए कुठेच नको. ते निकेल ओढून घेतं आणि मॅग्नेशियमही.

पण डीएनएके इतका येतोय म्हणजे प्रोटीनची घडीच बिघडतेय. इंडक्शन (पेशींना प्रोटीन बनवायला लावणं) १८ अंशांवर रात्रभर करून बघा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये साध्या शेकरवर ते जमत नाही, कूलिंगवाला शेकर लागतो. आम्ही शेजारच्या विभागाचा मागून आणला होता.

रिकाम्या पेशींची लेन काय दाखवते ते कळवा. तोवर नवं रेझिन विकत घेऊ नका, फार महाग असतं.