शाळेच्या वेळी पोटात दुखतं तेव्हा

ताई, शाळेची वेळ झाली की लेकीचं पोट दुखतं, हे नाटक नव्हे. भीतीनं पोट खरंच आवळतं. एकदा डॉक्टरांना दाखवा, म्हणजे तुमचीही शंका फिटेल.

माझ्या मुलाला मी कळवळून आठवडाभर घरी ठेवलं, तिथंच चुकले. घरी थांबलं की लगेच बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी भीती आणखी वाढते. मग आम्ही पायऱ्या केल्या: आधी संध्याकाळी, शाळा बंद असताना, नुसतं फाटकापर्यंत. मग सकाळी फाटकापर्यंत. मग एक तास वर्गात. एक पायरी सोपी वाटेपर्यंत रोज तीच, घाई नाही. "घाबरू नकोस" म्हणू नका, "पोटात गोळा आलाय, कळतंय मला. तरी आपण जाऊया" म्हणा.

समोर बसवून विचारलं की पोरं गप्प होतात. रंकाळा तलावावर शेजारी-शेजारी चालताना माझा आपणहून बोलायचा. आजीला मात्र आधी विश्वासात घ्या. दृष्ट काढू देत, पण "राहू दे आज घरी" नको.

झोप-जेवण बिघडलं तर थांबू नका. आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीही मोफत बोलता येतं. मरणाची भाषा केली तर त्याच दिवशी.